शेवटच्या ओव्हरचा जावई

कुबराचं लग्न एका ओव्हरसाठी झालं. हे ती स्वतःच सांगते, कुणी विचारो न विचारो, आणि सांगताना हसत नाही. लोक आपल्या मुली शिकलेल्याला देतात, घरदार बघून देतात, गेला बाजार नात्यातल्या नात्यात देतात. उस्मान शेठनी आपली थोरली मुलगी सहा चेंडूंना दिली.

आता हे कळायचं तर आधी जेद्दाहचा शुक्रवार कळायला हवा. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची माणसं इथे अझीझिया भागात राहतात, दुकानं चालवतात, इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या जोरावर अर्धं आयुष्य काढतात, पण शुक्रवारी मैदानात उतरली की पाठीवर गावाचं नाव हवंच. दर थंडीत सगळ्या गावांची टेनिस बॉलची मोठी स्पर्धा भरते. तिचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: खेळणारा त्या गावात जन्मलेला हवा, नाहीतर त्या गावचा जावई तरी हवा. खोटा माणूस उभा केला तर कप काढून घेणार आणि गावावर दोन वर्षांची बंदी. जावई का चालतो, तर म्हणे गावचा जावई तो गावचाच मुलगा. सुनेला गावची मुलगी मानून कुणी कशात घेतल्याचं आपण तरी ऐकलं नाही बाई, असं कुबरा म्हणते.

उस्मान शेठ म्हणजे सुरूबंदर संघाचे सर्वेसर्वा. अझीझियात त्यांचं नळ आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान, कागदोपत्री सौदी कफीलच्या, म्हणजे परवान्याची हमी घेणाऱ्याच्या नावावर, बाकी सगळं यांचंच. पैसा होता, मान होता, संघात चांगले फलंदाज होते. नव्हता तो शेवटची ओव्हर टाकणारा. दरवर्षी सुरूबंदर अगदी शेवटी माती खायचं आणि शेठ आठवडाभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. अशाच एका हरलेल्या वर्षी सुट्टीवर गावी गेले असताना त्यांनी खाडीपल्याडच्या मैदानावर मुस्तफाला बघितलं.

मुस्तफाच्या गावाला स्वतःचा संघ नव्हता. तो भाड्याचा. सामना हातचा जायला लागला की कुठल्याही गावचं पोरगं मोटारसायकल घेऊन त्याच्या दारात यायचं. हा मागे बसून जायचा, एक ओव्हर टाकायचा, जेवायचा आणि परत यायचा. बॅट्समनच्या बुटांवर नेमका पडणारा यॉर्कर, एकामागून एक, सहाच्या सहा. चिपळूणपासून मुंब्र्यापर्यंत लोक त्याला ओळखत, पण पहिली ओव्हर त्याला आयुष्यात कुणी दिली नाही. सगळ्यांचं करून झालं आणि निस्तरायला कुणी उरलं नाही की मग मुस्तफा.

कुबरा तेव्हा वीस वर्षांची होती. बारावी झाली होती, डी.एड.चा फॉर्म भरायचा होता. बाबा संध्याकाळी घरी आले, चपलांना मैदानाची लाल माती तशीच, आणि ओटीवर बसता बसता म्हणाले की कुबरासाठी मुलगा बघितला. आईने विचारलं, मुलगा करतो काय?

"यॉर्कर टाकतो," बाबा म्हणाले.

आईला वाटलं काहीतरी कंपनीचं काम असेल. महिन्याच्या आत निकाह झाला, मागोमाग व्हिसा आला. डी.एड. राहिलं ते राहिलंच. जेद्दाहला पोचल्यावर पहिल्याच शुक्रवारी नवरा सकाळी मैदानात गेला तो रात्री आला, आणि बाबांचा फोन आला की गो कुबरा, तुझ्या पायगुणाने जिंकलो. तिने फोन ठेवला आणि त्या दिवसापासून क्रिकेटचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. तिने शपथच घेतली, मुडदा बशिवला त्या खेळाचा, आपण मैदानात पाऊल ठेवणार नाही. नंतरच्या वीस वर्षांत तिने मुस्तफाची एकही ओव्हर बघितली नाही.

मुस्तफाचं इथलं आयुष्य दोन ठिकाणी गेलं, शेठच्या दुकानात आणि शेठच्या तंबूत. दुकानात कमोड उचलायचे, तंबूत उजव्या खांद्यावर टॉवेल टाकून बसायचं. सगळा सामना बसायचं, कारण एक बदली माणूस शेवटी उतरवायची मुभा या स्पर्धेत होती. बाकीचे खेळायचे, ओरडायचे, चहा प्यायचे, आणि शेवटी शेठ मान वळवून नुसतं "मुस्तफा" म्हणायचे. हा टॉवेल बाजूला ठेवून उठायचा. जिंकून दिलं तर शेठ सगळ्यांसमोर मिठी मारत. हरला तर दुसऱ्या दिवशी एकट्याला गोदामात पाठवून फरशांचे खोके या भिंतीचे त्या भिंतीला लावायला सांगत. मुस्तफा दोन्ही मुकाट्याने घ्यायचा. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून सासऱ्यासाठी कधी बाबा निघालं नाही. शेठच म्हणायचा.

याचा कुबराला संताप यायचा. माणसाने मिठी नको तर नको म्हणावं, खोके नको तर नको म्हणावं. पण हा घरातही तस्साच. लेकीच्या, मेहनाजच्या वेळी कळा गुरुवारी सुरू झाल्या, हा आला शुक्रवारी संध्याकाळी, पँटीला धूळ, हातात कप. मूल होऊन गेलं होतं. नणंदेशी वाद होवो, मुलीच्या शाळेत बोलावणं येवो, सगळं होऊन गेल्यावर, अगदी गळ्याशी आल्यावर हा दारात उभा. दर शुक्रवारी तो बूट घालून निघाला की कुबरा स्वयंपाकघरातून पुटपुटायची, अल्ला, आज चांगला झोडपला जाऊ दे, म्हणजे सुटेल एकदाचा.

गेल्या वर्षी तिचं ऐकलं गेलं. फायनल होती, समोर खाजणगाव. मुस्तफाचा खांदा तोवर पुरता कुरकुरायला लागला होता, वर्षानुवर्षं एकाच कामाला लावलेला खांदा तो, किती टिकणार? शेवटच्या चेंडूला यॉर्करचा फुलटॉस झाला आणि चेंडू मैदानापलीकडच्या हायवेवर गेला. शेठ महिनाभर गप्प होते. मग सुट्टीवर गेले आणि येताना झैदला घेऊन आले.

झैद तेवीस वर्षांचा, रायगडकडचा, खांदे भरलेले, मिशी नुकती कोरलेली. पोरगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. सलाम करायचा, कुबराला मावशीसारखं खाला म्हणायचा, दुकानात पडेल ते काम करायचा. पण सुरूबंदरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, आणि नियम तर पक्का. तेव्हा शेठनी घरातल्या लग्नाच्या मुली मोजायला घेतल्या. कुबराची धाकटी बहीण कधीच दिलेली. मुलाच्या मुली अजून शाळेत. राहिली मेहनाज. मुस्तफाने घर सुरूबंदरला बांधलेलं, जमातीने त्याला कधीच आपल्यात धरलेलं, तेव्हा त्याची मुलगी ती गावचीच मुलगी.

मेहनाज एकोणीस वर्षांची. इथल्या इंडियन स्कूलमधून बारावी झालेली, पुण्याला फिजिओथेरपीला प्रवेश मिळालेला, बॅग अर्धी भरलेली. बापाच्या खांद्यावर दर गुरुवारी निळ्या पट्ट्या तीच चिकटवायची, व्हिडिओ बघून बघून शिकली होती. आजोबा फायनलच्या आदल्या आठवड्यात घरी आले, सोफ्यावर बसले, चहा मागितला आणि नळाची ऑर्डर द्यावी तशा सुरात सांगून टाकलं की मेहनाजचा निकाह झैदशी करायचा.

कुबराने चहाचा ट्रे बाबांच्या आणि मुस्तफाच्या पुढे ठेवला. नाही म्हणाली. बाबांनी ऐकलंच नाही. मुलगा निर्व्यसनी आहे, डोळ्यांसमोर राहील, शिकायचं तर लग्नानंतर शिकेल, असं सगळं त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. कुबरा पुन्हा नाही म्हणाली, या वेळी मोठ्याने, आणि विचारलं की माझं एक केलंत ते पुरलं नाही का. मेहनाज दारात उभी होती. तिच्याकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही. कपातला शेवटचा घोट संपवून ते मुस्तफाच्या खांद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हा खांदा चालला असता तर मला ही वेळ आली असती का? फायनल जिंकून दे म्हणावं. मग बघू."

ते गेले. कुबरा नवऱ्याकडे वळली. हा इतका वेळ बसला होता, कपात बघत.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"इकामा त्यांच्या हातात आहे, कुबरा. कफीलला एक फोन लावायचा अवकाश."

"आणि मुलगी कुणाच्या हातात आहे?"

आणि मग ती जी सुटली ती सुटलीच. तुम्ही विकत आणलेले, म्हणाली. तुमच्या बदल्यात मला दिली, मी गेले, कारण मला अक्कल नव्हती. माझ्या मुलीला अक्कल आहे. एका माणसाच्या यॉर्करसाठी या घरातली एक बाई गेली, दुसरी जाणार नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईने टीव्हीचा आवाज बंद केला इतकं ती ओरडली. मुस्तफा उठून नमाजाला गेला. आल्यावर शर्ट काढून पलंगावर पालथा पडला आणि म्हणाला, तेल गरम कर, खांदा चोळून दे.

तिने चोळून दिला. रागाने दिला, बोटं रुततील एवढा जोर लावून दिला, आणि तो कण्हला तरी थांबली नाही. त्या आठवड्यात रोज दिला. वीस वर्षं ज्या माणसाचं वाईट चिंतलं, त्याने एकदा, फक्त एकदा जिंकावं म्हणून ती आता हळद घालून दूध करत होती. तिची तिलाच चीड आली. पण बाबांचं "मग बघू" तिने घट्ट धरून ठेवलं होतं, दुसरं हाताशी होतंच काय?

फायनलच्या शुक्रवारी ती स्वतः निघाली. गाडी तिनेच चालवली. लायसन्स काढलं तेव्हा बाबा हसले होते, म्हणाले होते, आता काय ट्रक चालवणार की काय. मैदान शहराबाहेर, हायवेच्या पलीकडे, नुसती सपाट रेती आणि मधोमध सिमेंटची पट्टी. बायका गाड्यांमध्ये एसी लावून बसतात, तशी तीही मेहनाजला घेऊन बसली. मुस्तफा तंबूत गेला आणि टॉवेल टाकून बसला. लाउडस्पीकरवर एकेका खेळाडूचं नाव पुकारायला लागले. आणि अकरा नावांच्या शेवटी तो पुकारणारा म्हणाला, सुरूबंदरचे नवे जावई झैद यांचं स्वागत, उस्मान शेठच्या नातीशी निकाह झाल्याबद्दल दोन्ही घराण्यांना मुबारक.

मेहनाजच्या हातातला फोन खाली पडला. "मम्मी, व्हॉट डिड ही से?" तिने विचारलं, आणि ऐकलं तर तिने स्पष्ट होतं.

कुबरा गाडीतून उतरली आणि भर उन्हात तरातरा तंबूकडे चालत गेली. बायका काचा खाली करून बघायला लागल्या. बाबा तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले की तमाशा करू नकोस. मधल्या ओव्हरना वेगवान माणूस हवाच होता, कमिटीने विचारलं, मी सांगितलं घरच्या घरी निकाह उरकला. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? आजच्यापुरतं नाव लागलं. तुझा नवरा जिंकून देऊ दे, मी सगळं मिटवतो, पोरांचं जमलं नाही म्हणून सांगतो. कुबराने तंबूत बघितलं. मुस्तफा खाली रेतीकडे बघत होता. त्यानेही ऐकलं होतं, आणि तोही बसून होता. झैद बुटाची नाडी बांधत होता, बांधलेलीच पुन्हा.

तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं. पण तिने विचार केला, एक ओव्हर, एवढी एक ओव्हर नीट पडली की सुटलो. ती गाडीकडे परत आली. आत बसवेना म्हणून दाराला टेकून उभी राहिली.

सामना कसा चालला हे तिला विचारू नका. कोण धावतंय, कशाला टाळ्या, तिला काही कळलं नाही. मेहनाज अधूनमधून सांगत होती, किती हवेत, किती उरलेत. सूर्य कलला, सावल्या सिमेंटच्या पट्टीवर आडव्या झाल्या, आणि शेठनी मान वळवली. याही वर्षी समोर खाजणगावच होतं, आणि त्यांना शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ धावा हव्या होत्या.

मुस्तफाने टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला. कुबराने हे कधी बघितलं नव्हतं. घरात हा माणूस पाय ओढत चालतो, आणि तिथे पट्टीकडे जाताना त्याची चाल वेगळीच होती. मान ताठ, कुणाकडे बघत नव्हता. धावत आला, हात वर गेला, आणि पहिला चेंडू बॅटच्या खालून असा गेला की बॅट्समन आपल्याच पायांकडे बघत राहिला. पण चेंडू सुटल्यावर मुस्तफाने डाव्या हाताने उजवा खांदा दाबला हे कुबराला दिसलं. दुसऱ्यावर दोन गेल्या. तिसऱ्याला हात वर पूर्ण गेलाच नाही, चेंडू आखूड पडला आणि चौकार गेला. खाजणगावचे लोक नाचत आत यायला लागले. तीन चेंडू, तीन धावा.

कुबराच्या ओठांवर कुराणातली आयत आली. चौथ्याला दांडी उडाली. पाचव्याला एक धाव गेली. म्हणजे आता एका चेंडूत दोन, मेहनाज म्हणाली, आणि आईचा हात धरला. मुस्तफा परत चालत गेला, नेहमीपेक्षा लांब गेला, आणि आला. तो हात त्याने कसा वर नेला ते त्यालाच माहीत. चेंडू बुटांच्या मधोमध पडला, मधली दांडी मुळासकट निघाली, आणि मुस्तफा पट्टीवर पडला तो खांदा धरून पडला.

लोक धावले. शेठ सगळ्यांच्या पुढे. पण ते जाऊन मिठी मारायला लागले झैदला, कारण तो वाटेत पहिला भेटला. मुस्तफाजवळ पोचली मेहनाज. तिने त्याचा हात हळूच उचलून बघितला, बोटांनी खांदा चाचपला, आणि आईला इंग्रजीत सांगितलं की हे लचकणं नाही, फाटलंय, अब्बा आता पुन्हा बोलिंग करणार नाहीत. मुस्तफाने मान हलवली. त्याला माहीत होतं. पण तो हसत होता, हेही कुबराने बघितलं. इतक्या वर्षांत तिने त्याला असं हसताना क्वचितच बघितलं असेल.

ती बाबांकडे गेली. जिंकून दिलं, म्हणाली. आता मिटवा. बाबांच्या तोंडावरचं हसू हललं नाही, लोक मुबारक द्यायला येत होते, ते हात मिळवत होते आणि मधल्या मधल्या वेळात तिला उत्तर देत होते. अख्ख्या जेद्दाहने ऐकलंय की मुलीचा निकाह झाला. आता नाही म्हटलं तर मुलीचंच नाव खराब होईल, उद्या तिला कोण करेल? आणि तुझ्या नवऱ्याचा हात तर गेला, बघतेस ना. पुढच्या वर्षी ओव्हर कोण टाकणार? पुढच्या शुक्रवारी निकाह उरकून टाकू, म्हणजे आज बोललो ते खरंच होईल.

"तुम्ही म्हणालात जिंकू दे, मग बघू."

"बघितलं ना," बाबा म्हणाले, आणि आणखी कुणाच्या गळ्यात पडले.

गाड्यांमधून बायका उतरून येत होत्या. कुबराच्या तोंडात कुणी पेढा कोंबला, कुणी म्हणालं, गुपचूप उरकलंत हो, आम्हाला जेवणाचं बोलावणंही नाही. कुबराने तो पेढा रुमालात थुंकला.

बक्षिसाचं टेबल मांडलं गेलं. स्पर्धेचे अध्यक्ष परकार साहेब, म्हातारा भला माणूस. त्यांनी कपावर हात ठेवला आणि माइकवर दरवर्षीचं वाक्य म्हटलं, कुणाची कुठल्या खेळाडूबद्दल तक्रार असेल तर आत्ता बोला. हे म्हणायची पद्धत आहे. कुणी कधी बोलत नाही. साहेब वाक्य संपायच्या आतच कप उचलतात.

"माझी आहे," कुबरा म्हणाली.

पुरुषांची गर्दी बाजूला झाली. बाईमाणूस तिथवर कधी आलंच नव्हतं, तिला कसं अडवायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. परकार साहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, काय झालं बाय?

"झैद आमचा जावई नाही. माझ्या मुलीचा निकाह झालेला नाही. मी तिची आई आहे."

खाजणगावच्या तंबूत सगळे एकदम उभे राहिले. शेठ मात्र शांत. घरचं भांडण आहे, ते साहेबांना म्हणाले. निकाह झालाय, आईला मान्य नव्हता म्हणून तिला सांगितलं नाही, आता ती इथे राग काढतेय. निकाहाला बापाची परवानगी लागते, आईची नाही. बाप इथे उभा आहे, त्याला विचारा. आणि त्यांनी मान वळवली, अगदी शेवटच्या ओव्हरला वळवतात तशी, आणि म्हणाले, "मुस्तफा."

साहेब म्हणाले, तू सांग मुस्तफा. तू हो म्हणालास तर कप तुमचा, मी पुढे काही विचारणार नाही.

कुबराने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला भरवसा नव्हता. या माणसाने आयुष्यात शेठना नाही म्हटलं नव्हतं. नोकरी त्यांची, इकामा त्यांचा, घराची जमीन त्यांनी दिलेली. आणि त्याची सगळ्यात चांगली ओव्हर, शेवटची, आत्ता घटकाभरापूर्वी पडलेली. ती वाचवायला त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. तिने मेहनाजचा हात धरला आणि मनात ठरवलं, उद्याच्या विमानाने पोरीला घेऊन जायचं, मग होऊ दे काय व्हायचं ते.

मुस्तफाने उजवा कोपर डाव्या तळहातावर पेलून धरला होता. तो दोन पावलं पुढे आला. त्याला माइकची सवय नव्हती, त्याने तो तोंडासमोर धरलाच नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मुलीचा बाप मी आहे," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं नव्हतं. निकाह झालेला नाही. कप त्यांना द्या."

झैदने मान खाली घातली. सुरूबंदरच्या कुणीतरी शिवी दिली, मुस्तफाला की शेठना हे कळलं नाही. परकार साहेबांनी एकदा शेठच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी कप सरकवून खाजणगावच्या कप्तानापुढे ठेवला आणि सुरूबंदरवर दोन वर्षांची बंदी सांगितली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दोन वर्षं संघच नाही म्हटल्यावर बोलर कुणाला हवा होता, आणि जावई तरी कुणाला? शेठ मुस्तफाजवळून जाताना थांबले. उद्या दुकानात येऊ नकोस, म्हणाले, कफीलला मी सांगतो, खलास. मुस्तफाने बरं म्हटलं. कुबराला बाबा म्हणून हाक मारायची सवय होती, ती हाक तोंडापर्यंत आली आणि तिने गिळली. ते तिच्याकडे न बघता गाडीत बसले.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. नमाज झाल्यावर मैदान भराभर रिकामं झालं, आणि कुणी यांच्याशी बोललं नाही. सुरूबंदरची पोरं तंबू उतरवत होती. मुस्तफाचा टॉवेल खुर्चीवर होता तो कुणीतरी रेतीत टाकला. मेहनाजने उचलला, झटकला आणि त्याची झोळी करून बापाचा हात गळ्यात बांधला.

कुबरा चालवायला बसली. गाडी हायवेला लागली. मग तिच्याच्याने राहवेना. हे बाबा घरी आले त्याच दिवशी बोलला असतात तर, म्हणाली. सोफ्यावर बसून बोलला असतात तर हा हात तरी राहिला असता. इथवर येऊ द्यायची काय गरज होती? नेहमी असं गळ्याशी आल्यावर. मुस्तफा खिडकीतून बाहेर बघत होता. तो कबूल झाला की हो, तेव्हाच बोलायला हवं होतं. मागच्या सीटवर मेहनाज हॉस्पिटलचा रस्ता शोधत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा तो म्हणाला, "ती ओव्हर आता कुठेच धरणार नाहीत."

"मी बघितली," कुबरा म्हणाली, आणि गाडी हॉस्पिटलच्या वळणावर घेतली.